सखाहरी गवंड्याची बालवाडी

एका गावात एक भोळा गवंडी होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव आमचंच आहे आणि व्हायची तेवढी शोभा आधीच झालेली आहे. गवंड्याचं नाव सखाहरी. हात असा सरळ की त्याने रचलेल्या भिंतीला ओळंबा लावायची कुणाला गरज वाटू नये. डोकं मात्र सांगितलेलं तेवढंच करणारं. एकदा एका लग्नात कुणीतरी त्याला म्हणालं, “सखाहरी, नवरदेवाचं घोडं जरा धर.” नवरदेव मांडवात गेला, लग्न लागलं, पंगती उठल्या, पाहुणे गावाला गेले. सखाहरी घोडं धरून उभा. घोड्याने तरी मधेमधे डुलकी काढून घेतली, याने तेही नाही.

सखाहरीची बायको हौसा. ती गावातल्या बालवाडीची बाई. समाजमंदिराच्या खोलीत ही बालवाडी भरायची. हौसाने ती दारोदार फिरून, एकेक पोर मागून आणून उभी केली होती. आयांना वाटायचं, एवढीशी पोरं शिकून शिकून काय शिकणार? पण हौसाला ती पोरं म्हणजे जीव की प्राण.

त्या साली तालुक्याहून लाकडी ठोकळ्यांची एक पेटी आली. लाल, निळे, पिवळे, लहान, मोठे. बरोबर निरोप आला की आता पाटी-पेन्सिल नको, पोरांना ठोकळ्यांशी खेळू द्या. खेळता खेळता ती मोजायला शिकतात, लहान-मोठं ओळखतात, कमी-जास्त समजतात. आठवड्याने तालुक्याच्या मॅडम बघायला येणार. पोरांना गणित आलेलं दिसलं तर बालवाडी राहणार, नाही तर बंद. मग पोरांनी घाट उतरून खालच्या गावात जायचं. म्हणजे जायचंच नाही, घरी शेळ्या वळायच्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यात हौसा घराच्या पायरीवरून घसरली. पायरी सखाहरीने बांधलेली. बांधकाम उत्तम होतं, फक्त त्याने पाणी मारून मारून तिच्यावर शेवाळ धरवलं होतं. हौसाचा पाय प्लास्टरमध्ये गेला. आता बालवाडी कोण घेणार? गावात रिकामे आम्ही पुष्कळ होतो, पण पारावर बसायचं काम सोडून जाणार कोण?

“मी जातो की,” सखाहरी म्हणाला. “विटा रचतो, ते ठोकळं न्हाई का रचता येणार?”

हौसाने त्याच्याकडे पाहिलं. मग प्लास्टरकडे पाहिलं. दुसरा इलाज नव्हता.

“बरं, ऐका,” ती म्हणाली. “पोरांस्नी ठोकळं द्या. मनोरा रचाया लावा. एकेक ठेवताना मोजाया लावा. बास.”

“बास,” सखाहरी म्हणाला आणि गेला.

पोरांनी मनोरा रचला. मोजत मोजत रचला. सगळं हौसाने सांगितल्यासारखं चाललं होतं. पण मनोरा हलत होता, आणि हलती भिंत बघणं गवंड्याला सोसत नाही. “बिनगाऱ्याचं काम!” सखाहरी कळवळून म्हणाला. त्याने अंगणात मातीचा गारा कालवला. मनोरा उतरवला, थापी घेतली आणि पेटीतला एकूण एक ठोकळा गाऱ्यात बसवून कमरेएवढी झकास भिंत उभी केली. चिंगी नावाची एक चुणचुणीत पोर हात लावायला गेली.

“अंहं! ओली हाय,” सखाहरी म्हणाला आणि त्याने भिंतीवर पाणी मारायला सुरुवात केली. दिवसभर पाणी मारलं. पोरं हाताची घडी घालून बघत बसली.

“गवंडीमामा, खेळायचं कधी?”

“आठवडाभर पानी मारू. मग बघू.”

संध्याकाळी हौसाने विचारलं, “आज काय केलं?” सखाहरीने सांगितलं. हौसाने कपाळावर हात मारला.

“अवो, लाकडाला पानी? फुगलं असतील समदं ठोकळं! आन ते पक्कं करायचं नसतंय. बांधायचं, मोडायचं, परत बांधायचं. मोडल्याबिगर पोर शिकत न्हाई. पोरांस्नी मोडू द्यायचं!”

“चुकलं माझं,” सखाहरी म्हणाला. “माझ्या डोक्याला वरचा मजला हाय, पर जिनाच काढायचा ऱ्हायलाय. उद्या ध्यानात ठेवतो.”

आणि त्याने ध्यानात ठेवलं. आमच्या गावाची सगळी पंचाईत इथंच होती, तो ध्यानात ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी भिंत उतरवून धुतलेले ठोकळे उन्हात वाळत पडले होते. पोरांना मोडायला काहीच नव्हतं. सखाहरीने इकडेतिकडे पाहिलं. समाजमंदिराला लागून बायजाक्काचं परडं. बायजाक्का म्हणजे चार म्हशींची आणि चाळीस शिव्यांची मालकीण. तिने आदल्याच दिवशी माणसं लावून कडब्याची गंज रचली होती. पेंडीवर पेंडी, उंच, देखणी, वर निमुळती.

“पोरांनो,” सखाहरी म्हणाला, “ही बांधून झालीया. आता काय करायचं?”

“मोडायची!” पोरं म्हणाली. त्यांना हौसाने कधीच इतका आवडता धडा दिला नव्हता. पोरांनी गंज मोडली. मोजत मोजत मोडली, हेही सांगायला हवं. वीसच्या पुढे कुणाला येत नव्हतं, म्हणून वीस झाले की परत एकपासून. मग सखाहरी म्हणाला, “आता परत बांधा.” पोरांनी पेंड्या उचलायचा प्रयत्न केला. एक पोर उचलायचं एक पेंडी आणि दोघंही पडायची. तेवढ्यात बायजाक्का आली. पुढचं मुलांसमोर सांगण्यासारखं नाही, पण मुलं तिथंच होती आणि त्यांनी सगळं पाठ केलं.

संध्याकाळी हौसाने विचारलं, “आज काय केलं?” सांगायची गरज नव्हती. बायजाक्का सखाहरीच्या आधीच येऊन सांगून गेली होती.

“अवो, लोकाची गंज मोडत्यात का?” हौसा म्हणाली. “पोरांस्नी नुसतं इचारलं असतं, ‘मोडू का?’ तर पोरं बी न्हाई म्हनली असती. तुमच्यापरीस ती शानी हायत. आता एक करा. तुमी उत्तर द्यायचंच न्हाई. कुनी काय बी इचारलं तर उलट इचारायचं, ‘तुला काय वाटतं?’ म्हंजे पोर इचार करतंय. इचार केला की शिकतंय.”

“चुकलं माझं,” सखाहरी म्हणाला. “देवानं माझं डोकं बांधताना सिमेंट कमी आन वाळू जास्त घातली. उद्या ध्यानात ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी ठोकळे वाळले होते. फुगले होते, पण वाळले होते. पोरं खेळायला बसली. चिंगीने विचारलं, “गवंडीमामा, लाल ठोकळा मोठा का निळा?”

“तुला काय वाटतं?”

चिंगीने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. “लाल मोठा.” सखाहरी खूश झाला. हौसाचं औषध लागू पडत होतं.

“गवंडीमामा, मला शू लागलीय.”

“तुला काय वाटतं?”

चिंगीने विचार केला. विचार होईपर्यंत वेळ निघून गेली.

मग खिचडी शिजवणाऱ्या शेवंताकाकी आल्या. “सखाहरी, काड्यापेटी संपली. आता चूल कशानं पेटवू?”

“काकी, तुमास्नी काय वाटतं?”

शेवंताकाकींना वाटलं घरी जावं. त्या गेल्या.

दुपारी पोरं घरी निघाली. एकेकाची आई येऊन घेऊन गेली. शेवटी म्हादूची आई आली. खोली रिकामी. “माझा म्हादू कुठं हाय?”

सखाहरी सांगणारच होता. मग हौसाचं सांगणं आठवलं. “तुमास्नी काय वाटतं?”

आता आईला काय काय वाटू शकतं ते आयांनाच विचारा. तिला विहीर वाटली, ओढा वाटला, बायजाक्काची मारकी म्हैस वाटली. तिने हंबरडा फोडला. आम्ही सगळे पारावरून उठलो. पाराला तेवढीच विश्रांती. कुणी विहिरीत वाकून हाका मारल्या, कुणी ओढ्याला पळालं. दिवस कलायला आला तेव्हा ठोकळ्यांच्या रिकाम्या पेटीतून म्हादू डोळे चोळत उठून बसला. अंगावर पोतं पांघरलेलं.

“सखाहरी, तुला ठावं व्हतं?” आम्ही विचारलं.

“व्हय की. ते पोतं मीच पांघरलं त्याच्या अंगावर.”

संध्याकाळी हौसाने विचारलं, “आज काय केलं?” सखाहरीने सांगितलं.

“अवो, पोर हरवलं का न्हाई ते इचारायचं नसतंय, मोजायचं असतंय,” ती म्हणाली. “ह्यालाच तर गनित म्हंत्यात. उद्यापासून येताना एकेकानं एकेक ठोकळा टोपलीत टाकायचा. जाताना एकेक उचलून पेटीत ठेवायचा. जेवढी पोरं तेवढं ठोकळं. टोपली मोकळी झाली म्हंजे समदी पोरं घरी गेली. ठोकळा ऱ्हायला म्हंजे पोर ऱ्हायलं.”

सखाहरीला हे इतकं आवडलं की स्वतःला नावं ठेवायचंच तो विसरला.

दुसऱ्या दिवशी टोपली दारात. एक पोर, एक ठोकळा. एक पोर, एक ठोकळा. पोरांनाही भारी मजा वाटली. म्हादूला तर अर्थ चांगलाच कळला, त्याने आपला ठोकळा टाकताना त्याला पोतं पांघरायला मागितलं. दुपारी पोरं निघाली. एक पोर, एक ठोकळा. सगळी गेली. सखाहरीने टोपलीत पाहिलं. एक ठोकळा राहिला होता. पिवळा.

तो पेटीत बघून आला, पेटीमागे बघून आला, पोतं झटकून आला. पोर कुठंच नाही. तो टोपली घेऊन घरोघर फिरला. “तुमचं एखादं पोर कमी हाय का बघा बरं.” आम्ही सगळ्यांनी पोरं मोजली. कुणाचं कमी भरलं नाही. एका घरी तर एक जास्त भरलं, पण ते पाहुण्यांचं निघालं.

“मग तुला वाटत असंल काहीतरी,” आम्ही म्हणालो.

“ठोकळा खोटं बोलंल का?” सखाहरी म्हणाला. ते आम्हालाही पटलं. मग आम्हीही त्याच्याबरोबर फिरलो. परत विहीर, परत ओढा. दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा ठोकळा त्याने आपल्या टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला होता.

“हौसे, कुनाचं तरी पोर ऱ्हायलंया. कुनीच वळखंना. आजच्या दिवस आपल्याकडं ठिवू.”

“टोपलीत कुनी कुनी ठोकळं टाकलं?” हौसाने विचारलं.

“समद्या पोरांनी. आन म्या.”

“तुमी बी?”

“म्या बी बालवाडीतच व्हतो न्हवं?”

“मग जाताना तुमचा उचलला का?”

“गेलो कुठं? पोर सापडल्याबिगर घरी कसा जानार?”

हौसाने डोळे मिटले. “अवो, ते ऱ्हायलेलं पोर म्हंजे तुमीच!”

सखाहरीने ठोकळा टॉवेलातून सोडवला. मग त्याने मोठा सुस्कारा सोडला. “सापडलो म्हनायचं. समद्या गावाचा जीव टांगनीला लागलेला माझ्यापायी.”

“आन तुमी पोरांत कशाला मोजता स्वतःला? पोरं पोरांत, मोठी मान्सं मोठ्यात. सारखं सारख्यात ठिवायचं, निराळं निराळ्यात. मिसळायचं न्हाई. ठोकळ्याचं बी तेच शिकवा. लाल लालात, निळं निळ्यात.”

“चुकलं माझं,” सखाहरी म्हणाला. “माझा पाया भक्कम हाय, पर वर स्लॅबच पडला न्हाई. उद्या ध्यानात ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी लाल लालात गेले, निळे निळ्यात गेले. पोरं पटापटा निवडत होती. सगळं कसं शिस्तीत. मग सखाहरीला पाणी हवं होतं म्हणून तो चुलीकडे गेला. तिथं शेवंताकाकी खिचडीची तयारी करत होत्या. पातेल्यात तांदूळ आणि डाळ.

“काकी! हे काय?” सखाहरी म्हणाला. “तांदूळ डाळीत? सारखं सारख्यात ठिवायचं.”

शेवंताकाकींना वाटलं, तालुक्याहून नवीन काहीतरी आलं असेल. त्यांनी पातेलं दिलं. पोतं पसरलं. पोरं गोल बसली आणि दाणा दाणा निवडू लागली. तांदूळ तांदळात, डाळ डाळीत. ऊन कललं. पोरांच्या पोटात कावळे ओरडू लागले, मग पोरंच ओरडू लागली, मग आया आल्या. एकीच्या हातात केरसुणी होती. पण चिंगीने तेवढ्यातही दोन्ही ढीग बघून सांगितलं, “तांदूळ जास्त, डाळ कमी.” शेवंताकाकी म्हणाल्या, “हेच म्या किती दिस झालं म्हंतीया, कुनी ऐकंल तर शपथ.”

संध्याकाळी हौसाने विचारलंच नाही. ती रडत होती. दुसऱ्या दिवशी मॅडम येणार होत्या. दारोदार फिरून मागून आणलेली पोरं, ती पुन्हा शेळ्यांमागे जाणार. सखाहरी उंबऱ्यावर बसला. शिव्या खाल्ल्याचं त्याला काही वाटायचं नाही, त्या तो रोज खायचा. पण हौसाचं रडणं त्याला कधी सोसलं नाही.

“हौसे,” तो म्हणाला, “वीट कच्ची निघाली तर गवंडी फेकून देतो. तू मला अजून ठिवलंस, हेच लई. पर आता मला इस्कटून सांग. एक बी गोष्ट माझ्या डोक्यावर सोडू नगंस.”

हौसाने डोळे पुसले. तिने खूप विचार केला आणि एकेक गोष्ट सांगितली. “ठोकळं फुगलं, आता एकावर एक नीट बसत न्हाईत. तुमच्या अर्ध्या विटा घ्या, पोरांस्नी उचलत्यात. मॅडमसमोर पोरांकडनं भिंत रचून घ्या, मोजत मोजत. कोपऱ्यात नगं, तिथं अंधार असतोय. उजेडात बांधा. हलती नगं, गारा लावा. अर्धवट ठिवू नगा, पार वरपतुर न्या. आन मॅडम घाईच्या हायत, च्या पिला की उठत्यात. भिंत पुरी हुईस्तवर त्यांस्नी जाऊ देऊ नगा.”

यात काय चूक आहे ते सांगा. आम्हाला तर आजवर सापडली नाही.

मॅडम आल्या. खुर्चीवर बसल्या, चहा घेतला. सखाहरी उजेड शोधू लागला. समाजमंदिराच्या त्या खोलीला खिडकी म्हणजे वाऱ्यापुरतं भोक. उजेड यायचा तो एकाच ठिकाणाहून, दारातून. सखाहरीने दारात दोरी ताणली आणि पोरांना हाक मारली.

काय सांगू, पोरांनी त्या दिवशी गावाचं नाव काढलं. चिंगी पुढे. एक वीट, दोन विटा, तीन विटा. एक थर झाला की म्हादू ओरडायचा, “थर एक!” मॅडमनी विचारलं, “आता आणखी किती विटा लागतील या ओळीला?” पोरांनी रिकाम्या जागेकडे बघितलं, बोटं मोजली, म्हणाली, “दोन!” दोनच लागल्या. “अर्ध्या दोन विटा म्हणजे किती?” “पुरी एक!” मॅडम खुर्ची फिरवून पोरांना जवळ घेऊन बसल्या. प्रश्नावर प्रश्न, उत्तरावर उत्तर. घाईच्या मॅडम घाई विसरल्या. पोरांचे हात पुरेनात तेव्हा वरचे थर सखाहरीने लावले, पोरं खालून विटा देत मोजत होती.

“वा!” मॅडम वळून न बघताच म्हणाल्या. “ही भिंत कुणी पाडायची नाही हं. उद्या साहेबांना घेऊन येते, त्यांनी पाहिली पाहिजे. बालवाडीचं तेच ठरवणार.”

“न्हाई पाडत,” सखाहरी म्हणाला आणि चौकटीखालची शेवटची वीट बसवली.

खोलीत अंधार झाला.

“लाइट गेली का हो?” मॅडमनी विचारलं.

“न्हाई मॅडम. भिंत झाली.”

तेवढ्यात हौसा बैलगाडीतून आली. घरी बसून तिचा जीव राहत नव्हता. बघते तर दाराच्या जागी भिंत, आणि भिंतीतून पोरांचा कल्ला.

“अवो! आत हायसा का?”

“हाय,” भिंत म्हणाली. “मॅडम बी हायत. जाऊ दिलं न्हाई त्यांस्नी.”

“आत्ताच्या आत्ता मला बाहेर काढा!” आतून मॅडमचा आवाज आला.

“अवो, पाडा की भिंत!”

“ही पाडू नगा म्हनल्या मॅडम.”

“मग कुठली बी पाडा! पर त्यांस्नी भाईर काढा!”

सखाहरीने पोरांना आणि मॅडमना पुढच्या कोपऱ्यात उभं केलं. पहार त्याची सदा जवळ असायची. त्याने मागच्या भिंतीला, कुणाला खरचटणार नाही असं, दाराएवढं भगदाड पाडलं. मॅडम बाहेर आल्या. केसात माती, साडीवर माती. आम्हाला वाटलं, संपलं, गेली बालवाडी. पण पोरं त्यांच्यामागून बाहेर येताना भगदाडातून पडलेल्या विटा मोजत येत होती. मॅडम रागावणार होत्या त्या हसू लागल्या.

“मोजणं पक्कं आहे,” त्या साडी झटकत म्हणाल्या. “साहेब उद्या वजाबाकी विचारतील. तेवढी करून घ्या. आणि दारातली ती भिंत तशीच ठेवा.”

त्या गेल्या. हौसाने सखाहरीला गाडीजवळ बोलावलं. “वजाबाकी म्हंजे काय, ठावं हाय का?”

“न्हाई.”

“हाय त्यातलं काढून टाकायचं, आन उरलं किती ते पोरांस्नी इचारायचं. काढताना पोरांच्या डोळ्यांस्नी दिसलं पायजे. आन बारीकसारीक नगं. साहेबाला लांबून दिसंल असं काहीतरी मोठं घ्या.”

“मोठं,” सखाहरी म्हणाला. “उद्या ध्यानात ठेवतो.”

सकाळी तो उजाडताच बालवाडीत गेला. पोरांना लांब लिंबाखाली बसवलं. मग पारावर आला आणि आम्हाला म्हणाला, “पत्रा उतरवाया हात द्या.” आम्ही दिला. कशाला ते विचारलं नाही. एक तर साहेब येणार होते, आणि दुसरं म्हणजे विचारायचं डोकं आमच्यात असतं तर सखाहरीला आम्ही भोळा म्हणालो नसतो, आमच्यातलाच एक म्हणालो असतो. पत्र्यानंतर त्याने जे सांगितलं तेही आम्ही केलं. दुपारपर्यंत घामाघूम झालो.

दुपारी जीप आली. मॅडम उतरल्या, साहेब उतरले. हौसाही गाडीतून आली. समोर समाजमंदिर. दाराच्या चौकटीत पोरांची भिंत, सरळ, नेटकी. साहेबांनी थर मोजले. हात लावून पाहिला.

“ही एवढ्याशा मुलांनी बांधली? कमाल आहे. आत जायचं कुठून?”

“मागनं यावं, साहेब,” सखाहरी म्हणाला.

साहेब वळसा घालून मागे गेले. मागे काहीच नव्हतं. समोरची एक भिंत उभी होती आणि तिच्या मागे रान, डोंगर आणि बायजाक्काच्या म्हशी. विटांचे ढीग मात्र व्यवस्थित रचलेले.

हौसाने गाडीतच कपाळावर हात मारला. पण साहेब जुने परीक्षा घेणारे. ते लिंबाखाली गेले आणि पोरांना म्हणाले, “मुलांनो, खोलीला भिंती किती असतात?”

“चार!”

“इथं किती आहेत?”

“एक!”

“मग गेल्या किती?”

“तीन!” सगळी पोरं एका दमात म्हणाली. म्हादू सगळ्यात मोठ्याने.

साहेबांनी मान हलवली. “मी खूप शाळा पाहिल्या. इतकी पक्की वजाबाकी कुठं पाहिली नाही. तुमची बालवाडी बंद होणार नाही.”

हौसाला रडू आलं. या वेळचं रडणं बघून सखाहरीची छाती फुगली. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी टाळ्या थांबू दिल्या, मग एकट्या उभ्या भिंतीकडे बघत हळूच विचारलं, “पण उद्यापासून बालवाडी भरवणार कुठं?”

सखाहरी दोन्ही हात जोडून अदबीने म्हणाला, “ते बेरजंत येतंय, साहेब. आज फकस्त वजाबाकी व्हती.”